१६१, १६३ : एका जुन्या लॅपटॉपची साफसफाई आणि वापरलेल्या यंत्रांचा भारतीय इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले. त्या दिवशी कोणताही संगणक बिघडला नाही. आदल्या रात्री जे यंत्र चालत होते ते दुसऱ्या सकाळीही चालतच होते. मात्र ज्या यंत्रांचे हार्डवेअर नव्या प्रणालीच्या अटींत बसत नव्हते, ती एका तारखेने 'जुनी' ठरली. यंत्र झिजून निकामी होणे वेगळे आणि निर्णयाने निकामी ठरणे वेगळे, हा फरक त्या निमित्ताने अनेकांच्या ध्यानात आला.

योगायोगाने त्याच सुमारास मी दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये याहून कितीतरी जुने यंत्र शोधत हिंडत होतो. मला हवा होता आयबीएमचा 'थिंकपॅड ६००'. हा लॅपटॉप १९९८ साली बाजारात आला. त्यामागे संग्राहकाची हौस नव्हती, गरज होती.

माझे मामा कोकणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि दररोज सकाळी साडेआठ वाजता पावसाची नोंद घेऊ लागले. हवामान खात्याची दैनंदिन पर्जन्यनोंदीची वेळही साडेआठचीच, म्हणून त्यांनी ती कटाक्षाने पाळली. १९९९ पासून काही वर्षे या नोंदी त्यांनी संगणकावर उतरवल्या. आकड्यापुढे दोन-तीन ओळींचे मराठी टिपण असे. मामा गेले, त्यांचा संगणक भंगारात गेला. ट्रंकेत उरल्या सात फ्लॉपी, मराठी टंकलेखनाच्या आज्ञावलीची सीडी आणि अंगठ्याएवढे एक 'हार्डवेअर लॉक'.

फ्लॉपी वाचणारे यूएसबी उपकरण आजही मिळते. त्यातून पहिली फाइल उघडली तेव्हा पावसाचे आकडे दिसले. शब्दांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरे, स्वरचिन्हे आणि अर्धविरामांची नुसती उधळण होती. ते टिपण ज्या आज्ञावलीत लिहिले गेले ती विंडोज ९८ वर चाले आणि ते लॉक प्रिंटर पोर्टला खोचल्याशिवाय उघडतच नसे. असा पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतो आणि यूएसबीचे जोडतुकडे अशा लॉकपुढे बहुधा हात टेकतात. तेव्हा प्रिंटर पोर्ट असलेले, विंडोज ९८ चालवणारे आणि फ्लॉपीचा कप्पा असलेले यंत्र मिळवणे एवढाच मार्ग उरला.

नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट ही भारतीय संगणकविद्येची बिनभिंतींची महाविद्यालये आहेत. कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर घाऊक काढून टाकलेले लॅपटॉप येथे येतात, उघडले जातात, दोन बिघडलेल्यांतून एक चालता होतो आणि तो एखाद्या विद्यार्थ्याच्या दप्तरात पुन्हा जन्म घेतो. मी ज्या दुकानदाराकडे गेलो त्याने पोटमाळ्यावरून असे तीन थिंकपॅड खाली काढले. हे आता कोण वापरते, असे त्याने हसत विचारले. पण यंत्र हाती देण्याआधी त्याने स्वतःच दोन गोष्टी तपासून दाखवल्या. एक म्हणजे पडद्याच्या बिजागऱ्या. दुसरी अधिक महत्त्वाची, म्हणजे सुपरवायझर पासवर्ड. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड मुख्य फलकावरील एका स्वतंत्र स्मृतिचिपमध्ये असतो. घड्याळाचा सेल काढून ठेवला तरी तो पुसला जात नाही. अपरिचित पासवर्ड असलेले यंत्र म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

वीज जोडताच यंत्राने दोनदा शीळ दिली आणि पडद्यावर दोन आकडे उमटले : १६१ आणि १६३. पहिल्याचा अर्थ आतला घड्याळाचा सेल संपला आहे. दुसऱ्याचा, तारीख आणि वेळ ठाऊक नाही. इतक्या वर्षांच्या झोपेतून उठलेल्या यंत्राने आपल्याला काळाचे भान नाही हे पहिल्या वाक्यात सांगावे, यापेक्षा प्रामाणिक सुरुवात कोणती! मी तो घेतला.

या यंत्राच्या घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. पहिला गाजलेला थिंकपॅड, ७०० सी, ऑक्टोबर १९९२ मध्ये आला. काळ्या, कोनदार पेटीची कल्पना जर्मन रचनाकार रिचर्ड सॅपर यांची, जपानी जेवणाच्या 'बेंतो' डब्यावरून सुचलेली. अभियांत्रिकी जपानमधील यामातो प्रयोगशाळेची. कळफलकाच्या मध्यभागी असलेल्या लाल बिंदूमागचे संशोधन टेड सेल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. २००५ मध्ये आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणकांचा व्यवसाय लेनोव्होला विकला. भारतीय वाचकासाठी यातले १९९२ हे साल अधिक बोलके आहे. भारत सोडून गेलेली आयबीएम चौदा वर्षांनी, त्याच सुमारास, टाटा समूहाबरोबरच्या भागीदारीतून येथे परतली होती. ती गेली होती त्यामागच्या वादात एक प्रमुख मुद्दा होता वापरलेल्या यंत्रांचा.

हा वाद समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. १९५०च्या दशकाच्या मध्यास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आणलेला 'एचईसी-२एम' हा संगणक बसवला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'टिफ्रॅक' हा संगणक स्वतः रचला; तो १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेले ते यंत्र होते. परंतु जग तोवर ट्रान्झिस्टरकडे वळले होते. काही वर्षांतच टिफ्रॅक निवृत्त झाला आणि १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला.

प्रयोगशाळांचा इतिहास असा वाचायला मिळतो. कचेऱ्यांचा इतिहास निराळा आहे. १९६०च्या दशकात भारतातील तेल कंपन्या, गिरण्या, सरकारी खाती यांच्या हिशेबखात्यांत जो संगणक पोहोचला तो बहुतांशी आयबीएम १४०१ होता. हे यंत्र १९५९ मध्ये अमेरिकेत जाहीर झाले आणि तेथे त्याने प्रचंड यश मिळवले. पुढे नवी श्रेणी आल्यावर तेथील ग्राहकांनी १४०१ परत केले. या परत आलेल्या यंत्रांपैकी काही भारतात आणली गेली, येथे उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा उभी केली गेली आणि ग्राहकांना भाड्याने दिली गेली. यंत्र विकायचे नाही, भाडेच घ्यायचे, असा हा व्यवहार होता.

यावर भारतात रोष निर्माण झाला आणि तो अकारण नव्हता. जगाने टाकून दिलेले यंत्र भारताने चढ्या भाड्याने का वापरावे, असा सवाल संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत पोहोचला. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला होता आणि स्वावलंबन हा त्याचा घोष होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगितले. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार आवरला.

हा इतिहास साधारणपणे येथे संपवला जातो : एका बाजूला राष्ट्राचा स्वाभिमान, दुसऱ्या बाजूला बहुराष्ट्रीय कंपनीचा हटवाद. पण त्या दिवशी देशभरातील शेकडो कचेऱ्यांत यंत्रे उभीच होती. पगारपत्रके निघायची होती. ती यंत्रे कोणी सांभाळली?

त्यासाठी केंद्र सरकारने १९७५ मध्येच एक कंपनी स्थापन केली होती. तिचे नाव लक्षात घ्यावे : कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीच्या नावातच 'देखभाल' हा शब्द होता. आयबीएम गेल्यावर तिच्या यंत्रांची निगा या कंपनीने, म्हणजे सीएमसीने, पत्करली. आयबीएममध्ये तयार झालेले कित्येक अभियंते या कामात उतरले, तर काहींनी इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट ही स्वतंत्र कंपनी काढली. मूळ उत्पादक पाठीशी नसताना परक्याचे यंत्र चालते ठेवायचे, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. याच सीएमसीने १९८०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाची व्यवस्था उभी केली. पुसण्या-जोडण्याचे काम करणारे हात पुढे रचनाही करू शकतात, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

म्हणून मला असे वाटते की वापरलेल्या यंत्रांबद्दलचा तो रोष अर्धा खरा होता. जुने यंत्र महाग दराने गळ्यात बांधले जाणे हा अन्याय होता. पण जुने यंत्र उघडता येणे, समजून घेता येणे आणि पुन्हा चालवता येणे ही विद्या होती. आपण अन्यायाची नोंद ठेवली. विद्येची ठेवली नाही.

हे विचार माझ्या मनात आले ते मेजावर थिंकपॅडचे एकेक मळसूत्र काढताना. पांढऱ्या कागदावर यंत्राची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटवून ठेवायचा, हा धडा मला नेहरू प्लेसच्या त्याच दुकानदाराने दिला. आयबीएमने या यंत्रांच्या दुरुस्तीची पुस्तिका खुली ठेवली होती. कोणता भाग कोणत्या क्रमाने काढावा, प्रत्येक भागाचा क्रमांक काय, हे त्यात चित्रांसह आहे. आज अनेक उत्पादक अशी पुस्तिका ग्राहकाच्या हाती देत नाहीत.

सर्वप्रथम बॅटरी बाजूला केली. इतक्या जुन्या लिथियम-आयन बॅटरीला पुन्हा भारित करण्याचा मोह धोक्याचा असतो. ती फुगू शकते, पेटूही शकते. ती ई-कचरा संकलन केंद्रासाठी वेगळी ठेवली आणि यंत्र थेट विजेवर चालवायचे ठरवले. मग झाकणाचा चिकटपणा. पूर्वी मखमलीसारखा लागणारा हा रबरी थर आता गुळाच्या पाकासारखा बोटांना चिकटत होता. हा मळ नसून रसायनशास्त्र असते : असे लेप बहुधा पॉलियुरेथेनचे असतात आणि हवेतील आर्द्रतेने त्यांच्या लांब रेणुसाखळ्या वर्षानुवर्षे तुटत जातात. पाण्याने ते निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने, घाई न करता, तो थर उतरवावा लागला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

कळफलकाखाली कोणाचे तरी केस, बिस्किटाचा चुरा आणि एक टाचणी सापडली. ब्रश आणि ब्लोअरने ते साफ झाले. स्मृतिपट्टीच्या सोनेरी टोकांवर साचलेला थर शाळकरी खोडरबराने हलकेच घासून काढला. आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असलेली ही युक्ती जपूनच वापरावी, कारण तो मुलामा पातळ असतो. घड्याळाचा सेल बदलला. पडदा प्रारंभी तांबूस दिसला आणि काही मिनिटांनी पांढरा झाला : त्यामागे आजच्यासारखे एलईडी नसून पाऱ्याची वाफ असलेली बारीक नळी असते, आणि वय झालेल्या नळीला उजळायला वेळ लागतो. याच पाऱ्यामुळे असा पडदा फोडून कचऱ्यात टाकणे घातक असते.

पुन्हा वीज जोडली. १६१ गेला. तारीख भरल्यावर १६३ ही गेला.

हार्ड डिस्कवर पूर्वीच्या मालकाच्या फाइली होत्या. एका फोल्डरला एका मुलीचे नाव होते. मी ते उघडले नाही. संपूर्ण डिस्क पुसून मगच विंडोज ९८ बसवले. एकाची स्मृती परत मिळवण्यासाठी दुसऱ्याची पुसताना हात क्षणभर थबकला हे खरे. पण ज्याने आपले यंत्र विकताना ते पुसले नाही, त्याचे खासगीपण जपणे हे विकत घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. जुना संगणक विकणाऱ्या प्रत्येकाने हे आधी स्वतः करावे.

आता मामांच्या टिपणांकडे वळू. ती वाचता का येत नव्हती, याचेही उत्तर इतिहासातच आहे. भारतीय लिप्यांसाठी एक समान सांकेतिक व्यवस्था आपल्याकडे वेळेवर तयार झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने वाढले. १९८८ मध्ये 'इस्की' हे मानक आकारास आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणीही १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली होती. परंतु विंडोज ९८ ला देवनागरी मुळातून कळत नव्हती. विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून आली. या मधल्या काळात अनेक कंपन्यांनी एक चलाख तोड काढली : इंग्रजी अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर मराठी अक्षराचा आकार बसवायचा. संगणकाच्या लेखी तो इंग्रजी मजकूर, डोळ्यांना मात्र मराठी. प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी आणि नक्कल होऊ नये म्हणून लॉकही वेगळे. पुस्तके, मासिके, प्रबंध, संस्थांची इतिवृत्ते असे कितीतरी मराठी लेखन त्या वर्षांत या खाजगी संकेतांत लिहिले गेले. फॉन्ट गेला की भाषा गेली, अशी ती व्यवस्था होती.

फ्लॉपी चालवण्याआधी त्यांची झडप सरकवून आतील चकती उजेडात पाहिली. कोकणातील दमट हवेने तीन चकत्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके उठवले होते. अशी फ्लॉपी तशीच घातली तर वाचणाऱ्या टोकावर घाण बसते आणि मागाहून घातलेल्या निरोगी फ्लॉपीवरही ओरखडे उठतात. म्हणून आधी स्वच्छ चार फ्लॉपींची पूर्ण प्रत काढली, मग डागाळलेल्या तीन घेतल्या; प्रत्येकीनंतर टोक अल्कोहोलच्या बोळ्याने पुसले. त्या तिघींपैकी एक अर्धी वाचली गेली. दोन गेल्या त्या गेल्याच. त्यांच्यावर २००२ च्या पावसाळ्याच्या नोंदी होत्या. त्या वर्षी जुलैमध्ये देशभर पावसाने मोठी दडी मारली होती; मामांच्या अंगणात त्या महिन्यात काय घडले हे आता कधीच कळणार नाही.

उरलेल्या फाइली मात्र उघडल्या. लॉक प्रिंटर पोर्टला खोचले, आज्ञावलीने क्षणभर विचार केला आणि पडद्यावर मराठी उमटली. आकड्यांपुढची ती टिपणे मी प्रथमच वाचली. एके दिवशी मापकाच्या नरसाळ्यात आंब्याचे पान अडकले होते म्हणून आकडा विश्वासार्ह नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी ताप असल्याने नोंद शेजारच्या मुलीने घेतली, तिने ती दोनदा मोजली, असे आहे. आकडे मला आधीच मिळाले होते. पण कोणत्या आकड्यावर किती विसंबावे हे सांगणारे शब्द या जुन्या यंत्राविना मिळाले नसते. टिपणाशिवाय आकडा म्हणजे अर्धे विज्ञान. मी ती सगळी टिपणे पडद्यावर वाचत युनिकोडमध्ये पुन्हा टंकित केली.

भारतीय हवामान खात्याने २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोहालीच्या सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत घडवलेला 'विक्रम' हा ३२ बिटी प्रोसेसर पंतप्रधानांना सादर झाला. या दोन्ही गोष्टींचा अभिमान योग्यच आहे. पण नवे घडवण्याच्या उत्सवात जुने चालते ठेवण्याच्या विद्येलाही जागा हवी. अमेरिकेत माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात दोन १४०१ यंत्रे निवृत्त अभियंत्यांनी पुन्हा चालती केली आहेत. एक जर्मनीतून आणलेले, दुसरे कनेक्टिकटमधील. भारतातल्या १४०१ यंत्रांचे काय झाले आणि ती चालवणाऱ्यांच्या आठवणी कोणी टिपून घेतल्या, हे विचारायलाही आपण उशीर केला आहे.

काही बदल घडत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची स्वतंत्र नोंदणी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले. तरीही नेहरू प्लेसच्या पोटमाळ्यावरचा कारागीर, ज्याच्या बोटांत तीस वर्षांच्या यंत्रांचे ज्ञान आहे, या चौकटीत अजून पुरता बसलेला नाही. त्याला प्रमाणपत्राआधी हवे आहेत ते सुटे भाग आणि खुल्या पुस्तिका.

आपल्या घरी, शाळेत, वाचनालयात, एखाद्या छोट्या संस्थेच्या कपाटात अशा फ्लॉपी, सीडी आणि लॉक पडून असतील तर येत्या पावसाळ्याआधी त्यांकडे पाहा. पेटीवर वर्ष आणि आज्ञावलीचे नाव लिहून ठेवा. फ्लॉपी कोरड्या जागी हलवा. लॉक फेकू नका. आणि वाचता येईल तेवढे युनिकोडमध्ये उतरवून घ्या. बुरशी कोणाची वाट पाहत नाही.

थिंकपॅड आता मेजाच्या कोपऱ्यात असतो. महिन्यातून एकदा तो सुरू करतो. घड्याळ बरोबर चालते आहे.